पाणीटंचाईचा आराखडा आणि संगणकावरील पाण्याचा ताळेबंद

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात पाण्याची टंचाई डोळ्यांना दिसते ती एप्रिल-मे महिन्यांत. विहिरी तळ गाठतात, नळयोजना बंद पडतात आणि गावोगाव टँकरची मागणी सुरू होते. परंतु ही टंचाई त्या महिन्यांत निर्माण झालेली नसते. सप्टेंबरअखेर पाऊस थांबला की गावाच्या वाट्याचे पाणी ठरून गेलेले असते, आणि ऑक्टोबरात रब्बीची जी पिके उभी राहतात त्यांच्याबरोबर त्या पाण्याचा खर्चही ठरून जातो. पुढील आठ महिने हा हिशोब उलगडत जातो, एवढेच. यास्तव टंचाईचा खरा विचार उन्हाळ्यात करून भागत नाही. तो पावसाळा संपताच झाला पाहिजे.

या विचारास अलीकडे संगणकाचे साह्य मिळू लागले आहे. पाऊस, जमीन, उतार, पिके आणि विहिरी यांची माहिती एकत्र करून गावात किती पाणी शिल्लक राहील याचे अनुमान काढणाऱ्या आज्ञावली आता उपलब्ध आहेत. त्या कशा चालतात, त्यांचा टंचाई आराखड्याशी मेळ कसा घालावा आणि त्यांच्यावर किती विसंबावे, हे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने व जाणत्या शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

उशिरा कळलेल्या टंचाईची किंमत

सन २०१४ व २०१५ ही मराठवाड्यास लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली. लातूर शहरास पाणी पुरविणारा मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि अखेरीस मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दिनांक १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींची पहिली गाडी लातुरास पोहोचली. प्रत्येक वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी होते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणजे तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून आलेल्या त्या पाण्यातून माणशी दीड लिटरही वाट्यास येत नव्हते. पुढे वाघिणींची संख्या वाढविण्यात आली व त्या पाण्याने अनेकांची तहान भागली. परंतु पाणी वाहून आणणे हा शेवटचा उपाय होय, तो पहिला नव्हे, हा धडा त्या उन्हाळ्याने दिला.

आणेवारी किंवा पैसेवारी ही दुष्काळ ओळखण्याची जुनी पद्धत होती. पीक किती बुडाले यावरून ती ठरे. पीक बुडाल्यानंतरच तिचा निर्णय होत असल्याने पाणी राखून ठेवण्याची वेळ तोपर्यंत निघून गेलेली असे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यातील तूट, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, जमिनीतील ओल व भूजलपातळी असे निकष पुढे आणले. या संहितेस अनुसरून महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. हे निकष तालुक्यास लागू पडतात. गावास मात्र याहून बारीक हिशोब लागतो, कारण एकाच तालुक्यात एका गावच्या विहिरी भरलेल्या आणि शेजारच्या गावच्या कोरड्या, असे नेहमीच घडते.

प्रतिमान म्हणजे काय?

घरातील कर्ता माणूस सुगीनंतर धान्याची कणगी पाहून वर्षाचा हिशोब करतो. किती आले, बियाण्यास किती ठेवावयाचे, घरात किती लागेल आणि विकण्यास किती उरेल, हे तो मनाशी मांडतो. पाण्याचे गणिती प्रतिमान हेच काम करते. फरक इतकाच की पाण्याची कणगी जमिनीखाली असते व ती डोळ्यांनी पाहता येत नाही.

गावात पडलेल्या पावसास चार वाटा असतात. काही पाणी पिकांच्या मुळांवाटे व जमिनीच्या पृष्ठावरून हवेत परत जाते. काही मातीत ओल म्हणून राहते. काही खाली झिरपून खडकाच्या भेगांत साठते. विहिरींना लागणारे पाणी ते हेच. उरलेले ओढ्यानाल्यांवाटे वाहून जाते, त्यास अपधाव म्हणतात. या चारही वाटांची बेरीज पडलेल्या पावसाइतकी झालीच पाहिजे. प्रतिमान दर दिवसाचा पाऊस घेते व तो या चार वाटांत विभागते. मातीचा पोत, तिची खोली, जमिनीचा उतार आणि वर उभे असलेले पीक यांवर ही विभागणी अवलंबून असते.

नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प २०१८ पासून जागतिक बँकेच्या साह्याने मराठवाडा, विदर्भ व जळगाव या भागांतील गावांत राबविण्यात आला. त्यात मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने तयार केलेले अशा प्रकारचे प्रतिमान वापरण्यात आले. ते क्यू.जी.आय.एस. या विनामूल्य मिळणाऱ्या नकाशाच्या आज्ञावलीस जोडून चालते. त्यातून गावाचा पाण्याचा ताळेबंद तयार होतो आणि गावाच्या सूक्ष्म नियोजनात त्याचा आधार घेतला जातो.

पाऊस किती पडला यापेक्षा कसा पडला

वर्षाच्या एकूण पावसावरून पाण्याचा अंदाज बांधणे ही कित्येकांची सवय असते. ती किती फसवी आहे हे एका साध्या गणितावरून कळेल.

अपधाव मोजण्यासाठी अमेरिकेच्या मृदसंधारण सेवेने विसाव्या शतकाच्या मध्यास बसविलेली एक रीत जगभर वापरली जाते. तीत प्रत्येक प्रकारच्या जमिनीस 'कर्व्ह नंबर' या नावाचा एक क्रमांक देतात. क्रमांक जितका मोठा तितके पाणी अधिक वाहून जाते. पीक उभे असलेल्या भारी जमिनीस ८० हा क्रमांक धरला, तर या रीतीने पुढील आकडे मिळतात:

एका दिवसात २५ मिलिमीटर पाऊस झाल्यास अपधाव सुमारे २ मिलिमीटर.
एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाल्यास अपधाव सुमारे १४ मिलिमीटर.
एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाल्यास अपधाव सुमारे ५० मिलिमीटर.

अर्थात १०० मिलिमीटर पाऊस उघडीप देत देत चार दिवसांत विभागून पडला तर जेमतेम ८ मिलिमीटर वाहून जातो. तोच एका दिवसात कोसळला तर निम्मा वाहून जातो. (पावसाचे दिवस लागोपाठ आले तर माती आधीच भिजलेली असल्याने अपधाव वाढतो, प्रतिमान तेही विचारात घेते.) दोन्ही वर्षी पर्जन्याच्या वहीत आकडा एकच लिहिला जाईल, पण विहिरींतील पाणी सारखे असणार नाही. दर दिवसाचा पाऊस मोजण्याचे महत्त्व यात आहे.

निरनिराळी माहिती एका सूत्रात गोवणे

एकटी आज्ञावली कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग ती इतर माहितीशी किती नीट जोडली आहे यावर अवलंबून असतो. गावच्या ताळेबंदास पुढील माहिती लागते.

पहिली, पावसाची. महसूल मंडळ पातळीवर राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारलेली आहेत. त्यांचे आकडे प्रतिमानास मिळतात. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात, आणि वळवाचा पाऊस शिव ओलांडताना बदलतो. म्हणून ग्रामपंचायतीचा वा शाळेचा साधा पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठ वाजता वाचून नोंद ठेवावी.

दुसरी, मातीची व उताराची. ही नकाशांवरून मिळते. तिसरी, पिकांची. पीक पाहणीची नोंद व उपग्रहावरील चित्र ही दोन्ही ताडून पाहावीत. चौथी, बंधारे, शेततळी व पाझर तलाव यांच्या साठवणक्षमतेची. येथे गाळ लक्षात घ्यावा. कागदावर पूर्ण क्षमता दाखविलेला बंधारा निम्मा गाळाने भरलेला असतो. पाचवी, विहिरींच्या पातळीची. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशी वर्षातून चार वेळा मोजते.

चुका बहुधा या सांध्यांवर होतात. एका खात्याची माहिती मिलिमीटरमध्ये, दुसऱ्याची सहस्र घनमीटरमध्ये असते. एक वर्ष जूनपासून मोजतो, दुसरा जानेवारीपासून. एका यादीत गावाची हद्द महसुली असते, तर दुसरीत पाणलोटाची. हे न पाहता आकडे एकत्र केले तर उत्तर नीटनेटके दिसते, पण खोटे असते. यास्तव माहिती भरताना एकक, तारीख आणि हद्द या तीन गोष्टी प्रथम तपासाव्यात. एकक लक्षात ठेवण्याची सोपी रीत अशी: एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर, म्हणजे एक टँकर. एक सहस्र घनमीटर, ज्यास गावात टीसीएम म्हणतात, म्हणजे असे १०० टँकर.

एका गावाचा ताळेबंद

रीत समजावी म्हणून एका कल्पित गावाचे उदाहरण घेऊ. गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर, लोकसंख्या २,०००, मोठी जनावरे १,०००. पावसाळ्यात ६०० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे गावाच्या शिवारात एकूण ६,००० टीसीएम पाणी आले. प्रतिमानाने त्याची विभागणी पुढीलप्रमाणे दाखविली:

खरीप पिके व जमिनीवरून हवेत गेले: ३,३०० टीसीएम.
मातीत ओल राहिली: ६०० टीसीएम.
जमिनीत झिरपले: ६०० टीसीएम.
अपधाव: १,५०० टीसीएम.

झिरपलेल्या पाण्यापैकी काही पुढील महिन्यांत ओढ्यावाटे खालच्या गावास निघून जाते. ते १८० धरल्यास ४२० उरते. अपधावापैकी ३५० टीसीएम बंधाऱ्यांत अडले. त्यातील १०० उन्हाने उडून जाईल, २५० हाती लागेल. अशा रीतीने रब्बी व उन्हाळ्यासाठी गावाजवळ ६७० टीसीएम पाणी आहे.

आता खर्च. दरमाणशी दररोज ५५ लिटर धरल्यास ऑक्टोबरपासून २७० दिवसांस सुमारे ३० टीसीएम लागते. जनावरांस दररोज ४० लिटर धरल्यास सुमारे ११ टीसीएम. पुढील पाऊस लांबला तर हाताशी असावे म्हणून आणखी ९ धरून एकूण ५० टीसीएम सर्वांत आधी बाजूस काढावे. या राखीव पाण्याने पाऊस जूनअखेरीपासून आणखी दोन महिने लांबला तरी माणसे व जनावरे निभावतील. शेतीस उरले ६२० टीसीएम.

गावकऱ्यांचा नेहमीचा बेत असा होता:

ऊस २० हेक्टर, दर हेक्टरी १४ प्रमाणे आठ महिन्यांस: २८० टीसीएम.
गहू ६० हेक्टर, दर हेक्टरी ४ प्रमाणे: २४० टीसीएम.
हरभरा १०० हेक्टर, दर हेक्टरी दीड प्रमाणे: १५० टीसीएम.
रब्बी ज्वारी १५० हेक्टर, एका संरक्षक पाण्यास पाऊण प्रमाणे: सुमारे ११३ टीसीएम.
ठिबकावरील डाळिंब १५ हेक्टर, दर हेक्टरी ५ प्रमाणे: ७५ टीसीएम.

बेरीज होते ८५८. तूट येते २३८ टीसीएमची. ही तूट कोठून भरून निघते? कोणी जाणूनबुजून शेजाऱ्याचे पाणी तोडत नाही. परंतु खोल विंधन विहिरी रात्रंदिवस चालतात, उथळ विहिरी फेब्रुवारीत आटतात, आणि पिण्यासाठी बाजूस काढावयाचे ते ५० टीसीएम नकळत शेतात जाते. ज्याच्याजवळ खोल विहीर नाही, त्याचा हरभरा प्रथम वाळतो व ज्या वस्तीस स्वतःची विहीर नाही, ती प्रथम टँकरच्या रांगेत उभी राहते. गावातील सर्वांच्या पिण्याचे पाणी २७० दिवसांस ३० टीसीएम आणि वीस हेक्टर उसाचे आठ महिन्यांचे पाणी २८०, म्हणजे त्याच्या नऊपट. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहावा. त्यात उसाच्या मालकाचा उपमर्द नाही. त्यालाही मार्चमध्ये उभा ऊस वाळताना पाहावा लागतो, हे त्यास ऑक्टोबरात दाखविणे हा त्याच्यावरचा उपकारच होय.

दुरुस्त बेत असा होऊ शकेल: ऊस ५ हेक्टर (७०), गहू ४० हेक्टर (१६०), हरभरा १३० हेक्टर (१९५), ज्वारी १५० हेक्टर (११३), डाळिंब १५ हेक्टर (७५). बेरीज ६१३, ती ६२० च्या आत बसते. क्षेत्र फारसे घटत नाही, फक्त पिके बदलतात.

अवर्षणाच्या वर्षी काय होते?

त्याच गावी ३५० मिलिमीटरच पाऊस पडला असे समजा. पाऊस सुमारे ४२ टक्क्यांनी घटला, तेव्हा पाणीही तितकेच घटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. पिके व माती आपला वाटा प्रथम घेतात. झिरपणारे व वाहणारे पाणी हे उरलेले असते, आणि घट त्याच्यावर पडते. प्रतिमान या वर्षी असे दाखवील: हवेत २,६००, मातीत ४००, झिरपलेले १७५, अपधाव ३२५ टीसीएम. झिरपलेल्यातून निघून जाणारे वजा जाता सुमारे १२३ आणि बंधाऱ्यांतून सुमारे १२० मिळून हाती २४३ टीसीएम लागते. पाऊस ४२ टक्क्यांनी घटला, पण पाणी ६४ टक्क्यांनी घटले.

पिण्याचे ५० बाजूस काढल्यावर १९३ उरते. त्यात डाळिंबाच्या बागा जगविणे (७५) व ज्वारीस एक पाणी देणे (११३) एवढेच बसते. गहू व नवा ऊस यांस जागा नाही. ज्वारीपासून माणसास धान्य व जनावरास कडबा मिळतो, म्हणून तिला अग्रक्रम देणे शहाणपणाचे. हा निर्णय पेरणीपूर्वी झाला तर गव्हाचे बियाणे व खत यांचा खर्च वाचतो; जानेवारीत झाला तर तो खर्च मातीत जातो.

विहिरीवरून प्रतिमानाची परीक्षा

संगणकाचे उत्तर खरे किंवा खोटे हे गावची विहीर सांगते. महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी फक्त भेगांत व कुजलेल्या थरात मावते. कुजलेल्या बेसाल्टच्या शंभर भागांत उपसता येण्याजोगे पाणी साधारणतः दोन भाग धरतात. उदाहरणातील गावात ६०० टीसीएम झिरपले, म्हणजे सर्व शिवारावर ६० मिलिमीटर पाणी. शेकडा दोन या प्रमाणाने त्यामुळे विहिरींची पातळी सरासरी ३ मीटर वर आली पाहिजे. अवर्षणाच्या वर्षी १७५ टीसीएम झिरपले, तर पातळी एक मीटरही वर येणार नाही.

आता शिवाराच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतील दहा-बारा विहिरी निवडाव्यात. मेअखेर व ऑक्टोबरच्या प्रारंभी त्यांची पातळी टेपाने मोजावी. मोजण्यापूर्वी पंप किमान रात्रभर बंद असावा. पातळी सरासरी २ मीटरच वाढलेली आढळली, तर त्याचा अर्थ ४०० टीसीएम झिरपले. उरलेले २०० कागदावर आहेत, जमिनीत नाहीत. खरिपात विहिरींवरून उपसा झाला असेल तर तो हिशोबात घ्यावा. तो नसेल तर प्रतिमानाचा आकडा कमी करावा. विहीर व संगणक यांत मतभेद झाल्यास विहिरीचे ऐकावे आणि मतभेदाचे कारण शोधावे.

पिण्याच्या पाण्याच्या विहिरीची परीक्षा याहून बारकाईने करावी. समजा तिचा व्यास ६ मीटर व पाण्याची उंची ४ मीटर आहे. तळाचे क्षेत्र सुमारे २८ चौरस मीटर, म्हणून साठा सुमारे १,१३,००० लिटर. परंतु साठ्यापेक्षा झरा महत्त्वाचा. उपसा केल्यावर सहा तासांत पाणी अर्धा मीटर वर आले तर त्या वेळात सुमारे १४,००० लिटर व दिवसभरात सुमारे ५६,००० लिटर पाणी मिळेल. दोन हजार वस्तीस ५५ लिटरप्रमाणे १,१०,००० लिटर लागतात. म्हणजे ही विहीर नेहमीची गरज भागवू शकत नाही. टंचाईत माणशी २० लिटर धरल्यास ४०,००० लिटर लागतात. तेवढे ती देते. मात्र जनावरांचे ४०,००० लिटर तिच्यातून निघणार नाहीत. त्यांची सोय निराळी करावी लागेल, हे एवढ्या मोजणीवरून डिसेंबरातच कळते.

टंचाई आराखड्याशी सांगड

पाणीटंचाईचा कृति आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च व एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत केला जातो. विंधन विहिरींची विशेष दुरुस्ती, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळयोजना, विहिरी खोल करणे व गाळ काढणे, बुडक्या घेणे, खाजगी विहिरींचे अधिग्रहण आणि टँकर अथवा बैलगाडीने पुरवठा, असे उपाय त्यात असतात. मागील वर्षाची यादी नकलून पुढे पाठविण्याची प्रथा कोठे असेल तर ती सोडून द्यावी. ताळेबंद व विहिरींची मोजणी हाती असल्यास कोणत्या वस्तीस कोणत्या महिन्यात कोणता उपाय लागेल हे आधी सांगता येते.

यासाठी प्रत्येक विहिरीवर खुणेच्या पातळ्या ठरवाव्यात. उदाहरणार्थ, पाणी पहिल्या खुणेखाली गेले की पिण्याच्या विहिरीभोवतालचा शेतीचा उपसा ग्रामसभेच्या ठरावाने मर्यादित करावा. दुसऱ्या खुणेखाली गेले की अधिग्रहणाचा प्रस्ताव पाठवावा. तिसऱ्या खुणेखाली जाण्यापूर्वी टँकरची मागणी नोंदलेली असावी. खुणा विहिरीच्या काठावर रंगाने काढाव्यात. त्या सर्वांस दिसतात व त्यांबद्दल वाद होत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्याने निर्बंध घातला होता, याचीही ग्रामसभेस आठवण द्यावी. भूजलाच्या संरक्षणाचे हेच धोरण २००९ च्या भूजल अधिनियमात अधिक व्यापक झाले आहे.

निर्णय गावाचा

पाण्याचा ताळेबंद गावाने स्वीकारल्याचे सर्वश्रुत उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे होय. तेथे दरवर्षी पावसानंतर पाण्याचा हिशोब ग्रामसभेपुढे मांडला जातो व त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यावर आणि उसासारख्या अतिपाण्याच्या पिकांवर गावाने आपणहून बंधन घालून घेतले आहे. तेथील यश मोठ्या यंत्रामुळे आलेले नाही. हिशोब सर्वांसमोर झाला आणि तो सर्वांनी पाळला, यामुळे ते आले.

संगणकाने ताळेबंद तयार झाला तरी ही गोष्ट बदलत नाही. कार्यकर्त्याने छापील तक्ता सभेपुढे ठेवून हा शासनाचा आकडा आहे असे सांगितल्यास तो मानला जाणार नाही. प्रत्येक आकडा कोठून आला हे सांगावे. विहिरी ज्यांनी मोजल्या त्या शेतकऱ्यांना उभे राहून बोलू द्यावे. पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढावे आणि मग शेतीच्या पाण्याची चर्चा करावी. स्त्रियांची उपस्थिती अवश्य असावी, कारण टंचाईतील पाण्याचा खरा भार त्यांच्याच डोक्यावर येतो.

मर्यादा

प्रतिमानास सर्व काही दिसत नाही. कातळातून गेलेली उभी भिंत, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ डाइक म्हणतात, पाणी एका बाजूस अडवते. त्यामुळे पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींत फरक पडतो. मातीच्या नकाशात लहान शेताचा पोत उमटत नाही. खोल विंधन विहिरी किती पाणी उपसतात याची नोंद बहुधा कोठेच नसते, आणि पुष्कळ गावांत तीच हिशोबातील सर्वांत मोठी चूक ठरते. म्हणून गावातील चालू विंधन विहिरींची गणना, त्यांचे पंप व वीज मिळण्याचे तास ही माहिती प्रथम गोळा करावी. उत्तर नेहमी दोन आकड्यांच्या दरम्यान सांगावे व बेत मात्र लहान आकड्यावर बांधावा.

वर्षाचे काम

मे: निवडलेल्या विहिरींची पातळी मोजावी, बंधाऱ्यांतील गाळ पाहावा.
जून ते सप्टेंबर: रोज सकाळी पाऊस नोंदवावा, खरीप पिकांचे क्षेत्र निश्चित करावे.
ऑक्टोबरचा पहिला आठवडा: विहिरी पुन्हा मोजाव्यात, प्रतिमानाचे उत्तर त्यांच्याशी ताडून पाहावे.
रब्बीच्या पेरणीपूर्वी: ग्रामसभेत ताळेबंद मांडावा, पिण्याचे पाणी राखून ठेवावे व पिकांचे क्षेत्र ठरवावे.
डिसेंबर: पिण्याच्या विहिरीच्या झऱ्याची मोजणी करावी, पुढील टप्प्यांचा आराखडा त्यावरून दुरुस्त करावा.
जानेवारी व मार्च: खुणेच्या पातळ्या तपासून ठरलेले उपाय वेळीच सुरू करावेत.

पर्जन्यमापक, टेप व वही ही साधने प्रत्येक गावास परवडणारी आहेत. संगणक तालुक्यास असला तरी चालेल. या साधनांनी वर्षभर प्रामाणिकपणे भरलेली वही हाती असेल, तरच संगणकाचे उत्तर गावाच्या उपयोगी पडेल आणि उन्हाळ्यातील पहिला टँकर मागविण्याची वेळ कित्येक आठवडे पुढे ढकलता येईल.